शोधक भिसे आणि चौदा वर्षांचा कागद

गेल्या मार्गशीर्षात मी चार दिवस सुरतेस भाच्याकडे जाऊन राहिलो. आपल्या बडोद्याची जुनी मराठी मंडळी सुरतेस जातात ती लग्नकार्यासाठी, नाही तर साड्यांच्या खरेदीसाठी. बाजारातून फिरतात, घारी खातात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततात. माझा भाचा राहतो पांडेसऱ्यास, आणि तिकडे आपल्यापैकी सहसा कोणी फिरकत नाही. उधन्याच्या पुढे, सचिनच्या वाटेवर, कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने एकाला एक लागून उभे आहेत. धुराडी, वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि गल्ल्यांतून खानदेशची वस्ती. सकाळी नळावर अहिराणी ऐकू येते. मी पहिल्या दिवशी शुद्ध बडोदेकरी मराठीत पत्ता विचारला तेव्हा एका म्हातारबुवांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि मोठ्या आदराने चुकीच्या गल्लीत पाठविले.

भाचा एका छपाईच्या कारखान्यात साड्यांची नक्षी काढतो. पूर्वी ह्या कामास कागद आणि कुंचला लागे, आता संगणक लागतो, परंतु हात आणि डोळा पूर्वीचाच हवा. नक्षीत जितके रंग तितक्या जाळ्या कराव्या लागतात. नळकांड्यासारख्या त्या जाळ्या गरगर फिरतात, त्यांच्या आतून रंग उतरतो आणि खालून कापड धावत जाते. गेल्या श्रावणात त्याने पैठणीवरील आसावलीच्या वेलीवरून एक नवी किनार बांधली होती. पाने थोडी तिरपी, फूल उलटे, आणि वेल मध्येच तुटल्यासारखी वाटून पुढे पुन्हा जुळणारी. साडी चांगली खपली. तिसऱ्या आठवड्यात तीच वेल, तेच उलटे फूल, एक रंग कमी करून, दुसऱ्याच कोणाच्या साडीवर बाजारात आले, आणि भावही उतरलेला. मामांचा जन्म छापखान्यात गेला, तेव्हा कॉपीराइट म्हणजे काय हे त्यांस ठाऊक असणार, अशा समजुतीने त्याने ती दोन्ही कापडे माझ्यासमोर पसरली.

मीही प्रथम मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की चित्र तुझे, म्हणून हक्कही तुझा. मग ओळखीच्या एका वकिलांकडे जाऊन बसलो आणि माझा आत्मविश्वास उतरला. आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात पंधरावे कलम आहे. जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदविता आली असती आणि नोंदविली नाही, ती मालकाच्या संमतीने एखाद्या वस्तूवर यांत्रिक रीतीने पन्नासांहून अधिक वेळा उतरली की तिचा कॉपीराइट संपतो. पन्नास साड्या! पांडेसऱ्यातील ते यंत्र पन्नास साड्या छापावयास चहा निवण्याइतकाही वेळ घेत नाही. नोंदणीचा निराळा कायदा २००० सालचा आहे. त्याखाली दहा वर्षे संरक्षण मिळते, आणखी पाच वाढवून घेता येतात. परंतु अट अशी की अर्ज करण्यापूर्वी नक्षी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. म्हणजे माल बाजारात गेला, नक्कल झाली, आणि मग आपण जागे झालो, तर उपयोग नाही. ती आसावली गेली ती गेलीच.

भाच्याचा चेहरा पाहून मला शंकर आबाजी भिसे आठवले. आजोबा ह्याच शहरात एका छापखान्यात जुळारी होते. जमिनीवर सांडलेले खिळे आम्हां मुलांकडून वेचून घेताना ते भिसे ह्यांची गोष्ट सांगत. मिनिटाला शेकड्यांनी खिळे ओतणारे यंत्र मुंबईच्या एका मराठी माणसाने विलायतेत बनविले, ते येथे येते तर आपली पाठ अशी वाकली नसती, असा त्या गोष्टीचा शेवट असे. यंत्र का आले नाही हे आजोबांस ठाऊक नव्हते. मला ते पुष्कळ उशिरा कळले.

भिसे ह्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांस मिळाले नाही. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन उघडले, सुरतेच्याच त्रिभुवनदास गज्जरांकडे ते सोपविले, आणि रंगकामापासून यंत्रकामापर्यंत सर्व शिकविण्याची सोय केली. पण त्या सुमारास भिसे तेवीस वर्षांचे झाले होते आणि मुंबईत कारकुनी करीत होते. त्यांचे गुरू म्हणजे सायंटिफिक अमेरिकन हे अमेरिकेतून येणारे साप्ताहिक. त्यातील आकृत्या पाहून ते शिकले. ह्या साप्ताहिकाची एक गंमत आहे. त्याचे मालक मन आणि कंपनी हे पेटंट मिळवून देण्याचा मोठा धंदा करीत, आणि नव्या पेटंटांच्या याद्या साप्ताहिकात छापीत. म्हणजे यंत्र कसे चालते हे ज्या पानावर समजे, त्याच्या शेजारच्या पानावर यंत्र कोणाच्या मालकीचे हेही समजे. मला वाटते, भिसे ह्यांना दोन्ही धडे एकदमच मिळाले. त्यांच्या पिढीतील आपल्याकडच्या हुशार कारागिरांस पहिला धडा येत होता. दुसरा फार थोड्यांस येत होता.

ह्याचे उदाहरण आपल्या छापखान्यांतच होते. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी जो सुबक देवनागरी खिळा चालविला, तो घडविणारे राणोजी रावजी आरू ह्यांच्या हाताची सफाई सर्व महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिली. परंतु अक्षराचे वळण कोणाच्या मालकीचे असू शकते हा विचारच त्या काळी येथे रुजला नव्हता. एखाद्याचा तयार खिळा घ्यावा, विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा थर चढवून त्याची मातृका काढावी, आणि आपल्या नावाने तोच खिळा ओतावा, हा उद्योग त्या शतकात विलायतेपासून सगळीकडे चालत असे.

भिसे ह्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले, विविध कलाप्रकाश नावाचे मराठी मासिक चालविले, आणि फावल्या वेळात घरी यंत्रांची जुळवाजुळव केली. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या शोधकांच्या एका नियतकालिकाने चढाओढ लावली. वाण्याच्या दुकानातील साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवावयाचे होते. मुंबईच्या ह्या कारकुनाने आराखडा पाठविला आणि इंग्रज स्पर्धकांस मागे टाकून बक्षीस मिळविले. तेवढ्याने मुंबईच्या पुढाऱ्यांचे डोळे उघडले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा ह्यांनी त्यांचे नाव लंडनला दादाभाई नौरोजींकडे कळविले, आणि शतक पालटण्याच्या सुमारास भिसे विलायतेस पोहोचले.

दादाभाई म्हणजे १८७४ साली, मल्हाररावांच्या त्या वादळी कारकीर्दीत, आपल्या बडोद्याची दिवाणगिरी सांभाळलेले दादाभाई. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेकडे कशी वाहते ह्याचे हिशेब मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते काही लक्षाधीश नव्हते. तरीही सत्तरी उलटलेल्या ह्या म्हाताऱ्याने भिसे ह्यांच्या शोधांत स्वतःचा पैसा घातला, त्यांच्यासाठी भांडवलवाल्यांचे उंबरे झिजविले. हिंदी माणसास डोके नाही, तो केवळ कच्चा माल पुरविणारा, असे म्हणणाऱ्यांस भिसे हे चालते-बोलते उत्तर होते, आणि दादाभाईंस ते दिसले असले पाहिजे. लंडनच्या वास्तव्यात भिसे ह्यांच्या डोक्यातून एकामागून एक वस्तू निघाल्या. जाहिराती दाखविणारे विजेचे फलक, स्वयंपाकघरातील उपकरणे, आपोआप पाणी सोडणारी शौचकूपाची टाकी, डोकेदुखीवरचे उपकरण, टेलिफोन. त्यांच्या एकूण शोधांची संख्या दोनशेच्या घरात आणि पेटंटांची चाळीसच्या आसपास सांगतात.

ह्या दोन आकड्यांमधील अंतर ज्यास समजले, त्यास भिसे ह्यांचे आयुष्य समजले असे मी म्हणेन. शोध लागण्यास पैसा लागत नाही, निदान प्रत्येक वेळी लागत नाही. शोध राखावयास लागतो.

पेटंट म्हणजे काय, हे आपल्यातील सुशिक्षित मंडळींसही नीट ठाऊक नसते. सरकार शोधकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते असे काही नाही. तो सौदा आहे. शोधकाने आपले गुपित सविस्तर लिहून, आकृती काढून, सर्व जगास वाचावयास द्यावयाचे. आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने ठरावीक वर्षे इतरांस ते वापरण्याची मनाई करावयाची. मुदत संपली की शोध सर्वांचा. इंग्लंडात ही मुदत त्या वेळी चौदा वर्षांची होती. १६२४ च्या कायद्यापासून चालत आलेला हा आकडा. उमेदवारीची सात वर्षे धरून दोन उमेदवार शिकून तयार होईपर्यंतचा काळ तो, असे त्याचे मूळ सांगतात. पुढे १९१९ साली तेथे सोळा वर्षे झाली. आपल्याकडे आज वीस आहेत.

चौदा वर्षे ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु घड्याळ अर्जाच्या दिवसापासून चालू होते, यंत्र विकू लागल्यापासून नव्हे. आणि पहिली चार वर्षे झाली की पेटंट जिवंत ठेवण्यासाठी दरसाल फी भरावी लागे. ती पाच पौंडांपासून चढत चढत चौदा पौंडांपर्यंत जाई. एक वर्ष चुकले की कागद रद्द. शिवाय हा कागद एकाच देशापुरता. इंग्लंडातील पेटंटास अमेरिकेत किंमत नाही, अमेरिकेतील पेटंटास हिंदुस्थानात नाही. आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा पेटंट कायदासुद्धा आपल्या संस्थानी मुलखास आपोआप लागू होत नसे. म्हणजे मुंबईत राखलेला शोध बडोद्याच्या हद्दीत उघडा. ज्याच्या पाठीशी मोठी पेढी आहे त्याने दहा देशांत अर्ज करावे. ज्याची खोली भाड्याची आहे त्याने एकदोन देश निवडावे आणि बाकीचे जग देवावर सोडावे.

बरे, अर्ज न करता थांबावे म्हटले तर तेही शक्य नसते. भांडवलवाला यंत्र पाहिल्याखेरीज पैसा देत नाही, आणि अर्जापूर्वी यंत्र चार लोकांस दाखविले तर नवेपणा जातो. उशीर झाला तर दुसरा पुढे जातो. पांडेसऱ्यात जो लाल रंग आज पिंपांतून ओततात त्याच्या घराण्यातीलच गोष्ट पाहा. मंजिष्ठाच्या मुळांतील रंग कारखान्यात करण्याची रीत १८६९ साली जर्मनीत आणि इंग्लंडात निरनिराळी साधली. जर्मन मंडळींचा लंडनमधील अर्ज २५ जून रोजी गेला आणि विल्यम पर्किन ह्यांचा २६ जून रोजी. एक दिवसाचे अंतर! पर्किन हे त्या वेळी नावाजलेले कारखानदार होते, म्हणून समझोता होऊ शकला. एखादा कारकून असता तर त्या एका दिवसाने त्याचे सर्वस्व गेले असते.

ह्या अशा नियमांच्या पटावर भिसे ह्यांनी आपला सर्वांत मोठा डाव मांडला. तो म्हणजे खिळे ओतण्याचे यंत्र, भिसोटाइप. मुद्रणाच्या धंद्यात त्या वेळी क्रांती चालू होती. अमेरिकेत मर्गेनथालर ह्यांचे लायनोटाइप १८८६ साली न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्रात चालू झाले होते. ते सबंध ओळच ओती. लॅन्स्टन ह्यांचे मोनोटाइप एकेक अक्षर सुटे ओती. शिसे, अँटिमनी आणि कथील ह्यांचा रस साच्यात सोडावयाचा, तो थिजला की खिळा बाहेर काढावयाचा आणि पुन्हा रस सोडावयाचा. रस थिजण्यास जो क्षण लागतो, तेथे वेग अडतो. भिसे ह्यांनी एका वेळी अनेक खिळे ओतले जातील अशी रचना केली. मिनिटाला बाराशे खिळे पडतील असा तिचा दावा होता. इंग्रज तज्ज्ञांस आरंभी ते खरे वाटेना, म्हणून भिसे ह्यांनी यंत्र करून दाखविण्याची पैज मारल्यासारखी केली आणि नमुना उभा केला.

नमुना उभा राहिला, पेटंट झाले, आणि येथूनच खरी अडचण सुरू झाली. असे यंत्र विकावयाचे तर कारखाना हवा, दुरुस्तीची माणसे हवीत, छापखान्यांस उधारी देण्याची ऐपत हवी. लायनोटाइप आणि मोनोटाइपच्या कंपन्यांकडे ते सर्व होते. दादाभाईंनी भांडवलासाठी आपले मित्र हेन्री हाइंडमन ह्यांस गाठले. हाइंडमन हे इंग्लंडातील समाजवादी पक्षाचे एक संस्थापक आणि हिंदुस्थानचे कळकळीचे मित्र. भांडवलशाहीच्या कट्टर वैऱ्याने एका शोधकासाठी भांडवल गोळा करण्यास निघावे, हा प्रकार एरवी विनोदी वाटता. परंतु दुसरे कोण होते? बड्या पेढ्या काळ्या माणसाच्या यंत्रावर पैसा लावीनात. हाइंडमन ह्यांनी खटपट केली, मुदती घेतल्या, आणि १९०७ संपेपर्यंत रक्कम उभी राहिली नाही. त्याच वर्षी दादाभाई थकून कायमचे हिंदुस्थानास परतले. भिसे ह्यांचा लंडनमधील आधार तुटला. पेटंटाचे घड्याळ मात्र चालूच होते.

आपल्याकडे अशा कथा सांगताना आपण नेहमी चोर शोधतो. कोणीतरी गोऱ्याने कल्पना पळविली, असे ऐकले की मन हलके होते. भिसे ह्यांच्या बाबतीत मला असा चोर सापडला नाही. त्यांचे पेटंट शाबूत होते. ते कोणी मोडले नाही, कारण मोडण्याची कोणास गरजच पडली नाही. वाट पाहिली की पुरे होते. यंत्राच्या जगात चौदा वर्षांत सुधारणा होतात, नवे पेटंट घ्यावे लागते, जुने कालबाह्य होते. राखणदार दारात उभा आणि आत धान्य किडते आहे, अशी ही अवस्था.

१९०८ साली भिसे मुंबईस निघाले. त्या प्रवासात बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्याशी पडली. गोखले हे अर्थशास्त्राचे माणूस. यंत्राचे नकाशे त्यांस किती कळले देव जाणे, पण माणूस त्यांनी ओळखला. त्यांनी भिसे ह्यांची शिफारस जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतनजी टाटा ह्यांच्याकडे केली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजास आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यास ज्यांनी सढळ हाताने पैसा दिला तेच हे रतनजी. १९१०च्या सुमारास लंडनला टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाले. हिंदी डोके आणि हिंदी पैसा असा योग प्रथमच आला. भिसे ह्यांनी यंत्रात सुधारणा केल्या, ते पुन्हा नव्याने बांधले.

तरीही गाडी रुळावर आली नाही. एक यंत्र सुधारावे तोवर दुसरी कल्पना भिसे ह्यांस खुणावी, आणि ती सोडवेना. हा त्यांचा दोष मी झाकू इच्छीत नाही. औषध, साबणासारखी धुण्याची पूड, फलक, खिळे, सर्वांमागे धावणाऱ्याची एका जागी बैठक बसत नाही. एडिसनच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंटे होती, आणि भिसे ह्यांस पुढे वृत्तपत्रांनी हिंदी एडिसन म्हटले. परंतु एडिसनकडे प्रयोगशाळा होती, मदतनीसांची फौज होती, वकील होते. तो शोधक होता तितकाच व्यापारी होता. भिसे ह्यांची फौज म्हणजे भिसे. त्यात १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, लंडनमध्ये अशा उद्योगांस कोणी विचारीना, आणि काही वर्षांतच टाटांचा आधारही सुटला. रतनजी १९१८ साली इंग्लंडातच वारले.

भिसे अमेरिकेस गेले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, परक्या देशात, पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेचा कायदा शोधकास थोडा दयाळू होता. तेथे पेटंट मंजूर झाल्यापासून सतरा वर्षांचे, आणि दरसालची फी त्या काळी नव्हती. न्यूयॉर्कला त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राची आणखी एक, साधी आणि आटोपशीर आवृत्ती तयार केली, तिची पेटंटे घेतली, आणि १९२० साली भिसे आयडियल टाइप कास्टिंग कॉर्पोरेशन ही स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पुढच्या वर्षी पहिले यंत्र बाहेर पडले. आजोबांस कोणी हे त्या वेळी कळविले असते तर त्यांनी छापखान्यात पेढे वाटले असते. पण लायनोटाइप आणि मोनोटाइप तोपर्यंत जगभर घट्ट रुजले होते. छापखानेवाला एकदा ज्या यंत्रावर माणसे शिकवून तयार करतो, ते यंत्र तो सहजी बदलीत नाही. हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

शेवटच्या पर्वात भिसे ह्यांस पैसा मिळाला तो लोखंडाने नव्हे, औषधाने दिला. आयोडीनपासून केलेले त्यांचे एक औषध अटॉमिडीन ह्या नावाने अमेरिकेत चालले, आणि त्यांच्या पश्चातही पुष्कळ वर्षे विकले गेले. एडगर केसी नावाचे तेथील एक प्रसिद्ध गूढवादी ते आपल्या भक्तांस घेण्यास सांगत. त्या औषधाचा खप शास्त्राच्या बळावर किती आणि श्रद्धेच्या बळावर किती, हे वाचकांनीच ठरवावे. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कला भिसे वारले. अडुसष्टावे वर्ष पुरे होण्यास तीन आठवडे राहिले होते.

त्यांच्या यशस्वी प्रतिस्पर्ध्याचे काय झाले हेही येथे सांगितले पाहिजे, नाही तर हिशेब एकांगी होईल. लायनोटाइपचे मर्गेनथालर हे जर्मनीहून आलेले घड्याळजी. त्यांचे यंत्र जगाने उचलले, परंतु भांडवल पुरविणाऱ्या मंडळींशी त्यांचे हाडवैर झाले, कंपनीतून त्यांनी अंग काढून घेतले, आणि १८९९ साली पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयाने ते वारले. एकाचे यंत्र भांडवल मिळाले नाही म्हणून अडले. दुसऱ्यास भांडवल मिळाले आणि यंत्र त्याच्या हातून गेले.

हे सर्व मी पांडेसऱ्यात भाच्यास दोन रात्री जेवणानंतर सांगत होतो. भाचेसून मध्येच म्हणाली की मामांच्या गोष्टीतील माणसे कधीच श्रीमंत होत नाहीत. तिचेही खरे. भाच्याने मात्र दुसऱ्या दिवशी एक नवी नक्षी मला दाखविली, अजून कोणासही न दाखविलेली. बांगडी-मोराची आहे, मोराचा पिसारा किनारीतून पदरावर चढतो; ह्याहून अधिक मी लिहीत नाही, कारण हे वृत्तपत्र सुरतेसही जाते, आणि प्रसिद्धी झाली की नवेपणा गेला!

आम्ही नोंदणीचा अर्ज काढला. डिझाइनांची नोंद कोलकत्याच्या कार्यालयात होते. एकट्या माणसास फी हजार रुपये, म्हणजे एका बऱ्यापैकी साडीची किंमत. भिसे ह्यांच्या चढत्या पौंडांच्या मानाने हे काहीच नाही. नक्कल करणाऱ्यास एका डिझाइनमागे फार तर पन्नास हजार रुपये भरावे लागतात, किंवा कोर्टातून मनाई आणून नुकसानभरपाई मागता येते. ते निस्तरण्यास वकील लागेल, आणि वकिलास फी लागेल, हेही त्यास मी सांगून ठेवले. चित्रे चारी बाजूंनी जोडावयाची, नक्षीत नवे काय ते दोन ओळींत लिहावयाचे. सर्व भरून झाले, आणि मालकाच्या नावाच्या रकान्यापाशी आम्ही थांबलो.

कायदा असा आहे की ज्याने नक्षी काढली तो मालक. पण मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढली असेल तर तो दुसरा मालक. भाचा पगारी आहे. नक्षी त्याने घरी, रात्री, स्वतःच्या संगणकावर काढली. पण तिच्यातील मोराची मान कारखान्याच्या एका जुन्या जाळीवरून सुचलेली, आणि ती छापावयाची तर जाळ्या, कापड, यंत्र सारे शेटचेच. स्वतःचे नाव घातले तर छापणार कोठे? शेटचे घातले तर उद्या नोकरी सुटल्यावर स्वतःचाच मोर स्वतःला काढता येणार नाही. दोघांची नावे घालावी असे मी सुचविले. टाटा-भिसे ह्या नावात कोण आधी होते, असे त्याने विचारले.

मी निघालो त्या सकाळपर्यंत तो रकाना कोराच होता. अर्ज त्याने कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला, स्कूटर काढली, आणि मला उधना स्टेशनावर बडोद्याच्या गाडीस सोडले.